नव्या तारांचे पंधरा दिवस

मला गाण्यातलं काही कळत नाही. हे मी नम्रपणाने सांगत नाहीये. पुण्यात नम्रपणाने असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि मग पुढचा तासभर कालच्या मैफिलीतला निषाद कसा लागला ते आपल्याला समजावून देतात. मला खरोखरच कळत नाही. सदतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी आतल्या खोलीत पेपर तपासत बसलो असताना बाहेरच्या खोलीत आमच्या हिचा गाण्याचा क्लास चालायचा. तो कानावर पडायचा, इतकंच. पंख्याचा आवाज पडतो तसा.

ही म्हणजे श्यामला. सहकारनगरमध्ये तिला सगळे गाण्याच्या बाई म्हणून ओळखतात आणि मला बाईंचे मिस्टर म्हणून. गोपाळकृष्ण हे माझं नाव आता पेन्शनच्या कागदावरच उरलंय. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. नवरा-बायकोत एकाला तरी लोकांनी ओळखावं.

दोन वर्षांपूर्वी श्यामलाच्या गळ्याशी थायरॉइडची गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच स्वच्छ सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे, धक्का लागू शकतो. तसा तो लागला. चूक कोणाचीच नव्हती, त्यामुळे चिडायलाही कोणी मिळालं नाही. गाठ साधी निघाली, जखम भरली, बोलता येऊ लागलं. पण आवाज जाड झाला, खरखरीत झाला, आणि जरा वर न्यायला गेलं की मधेच फाटून नुसती हवा बाहेर यायची. सहा महिने आवाजाचे व्यायाम झाले. मग ते शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की आता हा असाच, खालचाच राहणार.

दुसऱ्या दिवशी श्यामलाने क्लास बंद केला. बावीस मुलींना एकेक फोन न करता एकच निरोप लिहून पाठवला. तंबोऱ्याला गवसणी घातली, म्हणजे त्याचं ते जाड कापडी आवरण, आणि तो बेडरूममध्ये कपाटाच्या मागे उभा करून ठेवला. घरात रेडिओ बंद झाला. टीव्हीवर जाहिरातीत कोणी गायला लागलं की ती आवाज बंद करायची. आमची दारावरची घंटा गोड धून वाजवायची, ती काढून तिने कर्कश बझर बसवून घेतला. आता कुरिअरवाला आला की मला शाळा सुटल्यासारखं वाटतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी जमवून घेतलं असतं. पण ती हळूहळू घरातूनच कमी होत चालली होती. आधी खाली फिरायला जाणं थांबलं, मग भिशीच्या बायका तुटल्या, मग दुपारचं झोपणं सकाळी अकरापासून सुरू झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भाजीत मीठ नाही म्हटलं तर वरून घाला म्हणायची. जी बाई चाळीस वर्षं माझ्या शर्टाच्या कॉलरवरून माझ्याशी भांडली, ती आता मी कसलाही शर्ट घातला तरी बघत नव्हती. डॉक्टरांनी मनासाठी म्हणून गोळ्या दिल्या. त्या ती घ्यायची, आणि झोपायची. मला भीती वाटायला लागली होती. एक दिवस ही उठणारच नाही, अशी साधी भीती.

आमचा मुलगा राजस बंगलोरला असतो. तिथून त्याने मला एक लेख पाठवला. गाणं ऐकल्यावर मेंदूत काय काय स्रवतं, छातीचे ठोके कसे संथ होतात, आठवणी कशा जाग्या होतात, वगैरे. आकडे होते, आलेख होते. आलेख दिसला की माझा विश्वास बसतो, हा माझा जुना दोष आहे. मी लेख छापून आणला, हिरव्या शाईने अधोरेखित केला आणि ठरवलं की उपचार सुरू करायचा.

पुढे जे झालं ती चूक सर्वस्वी माझी. आणि मला आजही वाटतं की ती गणिताचा मास्तरच करू शकतो.

गाणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक मूळ सूर असतो, त्याचा सा. तो पेटीवरच्या पट्टीच्या नावाने सांगतात. बायका बहुतेक काळी चारला गातात. श्यामलाही अडतीस वर्षं काळी चारलाच गात होती. एवढं मलासुद्धा पाठ होतं, कारण नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हाच विषय निघायचा. क्लासची जुनी ध्वनिमुद्रणं माझ्याकडे होती. फोनवर कंपनं मोजायचं ॲप घेतलं आणि तिचा सा मोजला. दोनशे सात पूर्णांक पासष्ट. ती बहिणीकडे दोन दिवस गेली होती तेवढ्यात मी तंबोरा बाहेर काढला, पुसला आणि खुंट्या पिरगाळत चारही तारा दशांशापर्यंत बरोबर लावल्या. हाताला फोड आले. इतका खूश मी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा नव्हतो.

तिच्या पासष्टाव्या वाढदिवसाला सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली आणि तारा छेडायला लागलो.

ती ओल्या केसांनी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला आधी वाटलं, जमलं. डोळे मोठे झाले होते, मान जरा उचलली गेली होती. मग तिचं तोंड उघडलं. ते तिने ठरवून उघडलं नसणार, अडतीस वर्षांची सवय. सा लावायला गेली आणि फाटल्या फुग्यातून येते तशी हवा बाहेर आली. तिने तोंडावर हात धरला.

“बंद करा,” ती म्हणाली. मग खाली बसली आणि अगदी शांतपणे बोलली. “अहो, तुम्ही हा तिच्यासाठी लावलाय. ती गेली. मी उरलेय, माझ्यासाठी काही लावायचं राहिलेलं नाही. उद्या हा कल्याणीला देऊन टाका.”

कल्याणी ही तिची सगळ्यात चांगली शिष्या. हिंजवडीला नोकरी करते. माझ्यासमोरच श्यामलाने तिला फोन लावला, तंबोरा तुझा, घेऊन जा, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. पुढचे दोन दिवस ती जेवली नाही. मी ताट घेऊन जायचो आणि घेऊन परत यायचो.

तिसऱ्या दिवशी मी तंबोरा घेऊन तो दुरुस्त करणाऱ्या नूरबानू भाभींकडे निघालो. माझ्या पिरगाळण्याने एक खुंटी सरकायला लागली होती, आणि दुसऱ्याला द्यायची वस्तू मोडकी देऊ नये. रिक्षात तंबोऱ्याची मान बाहेर काढून बसावं लागलं. स्वारगेटच्या चौकात शेजारच्या स्कूटरवाल्याने मला विचारलं, आजोबा, पेशंट कोण, तुम्ही का तो. खरं उत्तर घरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं.

रविवार पेठेतल्या बोळात भाभींचं दुकान आहे. त्यांचे सासरे मिरजेहून येऊन इथे तंबोरे करायला लागले. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं भाभी एकट्या दुकान चालवतात. तारा ज्या छोट्या पाटावरून जातात त्याला घोडी म्हणतात. ती घासून घासून तारेला गुंजायला लावायचं काम, ज्याला जवारी काढणं म्हणतात, ते त्यांच्यासारखं पुण्यात फार थोड्यांना येतं. श्यामलाचा हा तंबोरा त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा. त्यांनी गवसणी काढली, एक तार छेडली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

इतका ताणून कोणी लावला, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. लेख, आलेख, दोनशे सात पूर्णांक पासष्ट, वाढदिवस. भाभींनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि तो येईपर्यंत एकेक खुंटी फिरवून बघितली.

“सर, रागावू नका,” मग त्या म्हणाल्या. “तुम्ही बाईंना त्यांच्या लग्नातलं पोलकं काढून दिलंत आणि म्हणालात, घाल. आता ते होतंय का? आत्ता त्यांचा सूर कोणता आहे?”

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, आणि माझ्या अंदाजाने तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिला वर जाता येत नाही, याचाच हिशेब सगळ्यांनी केला. ती खाली कुठे उभी आहे, हे कोणी बघितलं नाही.

भाभींनी विचारलं, बाईंचं बोलणं आहे का फोनमध्ये. होतं. आदल्या आठवड्यातला निरोप होता: येताना कोथिंबीर आणा, बारक्या पानांची बघा, आणि पिशवी घरीच विसरलात. भाभींनी फोन कानाला लावला आणि तो निरोप सात-आठ वेळा ऐकला. दुसऱ्या हाताने एक मोठा तंबोरा जवळ ओढून त्याची तार सैल करत, छेडत, परत सैल करत गेल्या. पिशवी घरीच विसरलात, पिशवी घरीच विसरलात. शेवटी एका ठिकाणी थांबल्या.

पांढरी तीन, त्यांनी सांगितलं. बोलणं सारखं इथे येऊन टेकतं. मी विचारलं, हा बायकांचा सूर की पुरुषांचा. त्या म्हणाल्या, बायका याच्या वर गातात, पुरुष याच्या खाली, हा बाईंचा.

जुन्या तारा बारीक होत्या. काळी चारवरून पांढरी तीनवर उतरवल्या असत्या तर त्या लोंबल्या असत्या. भाभींनी चारही तारा काढून जाड तारा चढवल्या, घोडी परत घासली, खुंटी बसवली. यात सगळी दुपार गेली. मी म्हणालो, भाभी, पण तंबोरा तर कल्याणीला द्यायचाय. त्या म्हणाल्या की नव्या तारा पंधरा दिवस ओढ खातात, रोज उतरतात. रोज तासभर छेडायच्या आणि परत लावायच्या, तोपर्यंत आमच्या दुकानाचा तंबोरा दुसऱ्याच्या घरी जात नाही, सासऱ्यांचा नियम आहे. मी विचारलं, छेडणार कोण. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी हात जोडले. मला सूर ऐकू येत नाही, ॲपवर लावू का म्हणालो. त्यांनी माझा फोन उचलून चहाच्या कपाशेजारी पालथा ठेवला आणि मधल्या दोन तारा छेडल्या. या दोन्ही एकच सूर बोलायला हव्यात, त्या म्हणाल्या, भांडत असल्या की आवाज फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो, ते थांबलं की जुळल्या. मी कान जवळ नेला. आणि काय सांगू, ते मला ऐकू आलं. दोन कंपनसंख्यांमध्ये सेकंदाला दोनाचा फरक असेल तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो. हे मी विज्ञानाचे मास्तर रजेवर असताना नववीच्या मुलांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. फळ्याबाहेर ते असतं, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर श्यामलाला भाभींचा नियम सांगितला आणि कल्याणीला पंधरा दिवसांनी ये म्हणून कळवलं. पट्टीचं काही बोललो नाही. ती म्हणाली, करा काय ते, दार लावून घ्या. तिने स्वतःच बेडरूमचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अकराला मी बाहेरच्या खोलीत बसायला लागलो. पहिले तीन दिवस शिक्षा होती. पाठ दुखायची, बोट सोलवटलं, आणि तारा रात्रीतून इतक्या उतरायच्या की अर्धा तास लावण्यातच जायचा. मी घड्याळ समोर ठेवून बसायचो. चौथ्या दिवशी घड्याळाचा सेल संपला होता हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

पाचव्या दिवशी तारा पहिल्यांदा नीट जुळल्या. ते फुगणं-बसणं थांबलं आणि खोलीत एकच सलग आवाज पसरला. मी डोळे मिटून छेडत होतो. थोड्या वेळाने मला कोणीतरी वरच्या बाजूला, लांब, बारीक आवाजात एक वेगळाच सूर धरलाय असं वाटलं. मी हात थांबवला. तो सूर थांबला. परत छेडलं, परत आला. मला वाटलं वरच्या मजल्यावर कोणी काही वाजवतंय. मी जिन्यात जाऊन बघून आलो. वरच्यांकडे कुलूप होतं. मग मी येऊन परत बसलो आणि तो आला. चार तारांत पाचवा आवाज.

आणि मला रडू आलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. छातीत कुठेतरी वर्षानुवर्षं आवळून धरलेली मूठ असते, ती कोणी न विचारता उघडावी तसं झालं. आणि त्या मुठीत काय होतं ते मला स्वच्छ दिसलं. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी श्यामला आरशासमोर बसून सा लावायला बघत होती, तो फाटला, आणि ती रडायला लागली. मी दारातून म्हणालो होतो, “आवाजाचं काय एवढं घेऊन बसलीस, जीव वाचला ना.” मला वाटलं होतं मी धीर देतोय. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी रडली नाही. गाणं तिने त्या दिवशी बंद केलं होतं, मॅडमनी सांगितलं तेव्हा नव्हे. बंद मी केलं होतं.

मी तंबोरा मांडीवर धरून लहान पोरासारखा रडलो. तारा छेडायचं मात्र थांबवलं नाही, कारण थांबवलं की तो पाचवा आवाज जायचा, आणि तो मला सोडवत नव्हता.

त्यानंतर अकरा वाजायची मी वाट बघायला लागलो. माझा रक्तदाब त्या आठवड्यात कधी नव्हे इतका शहाण्यासारखा वागला. रस्त्यात उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीवाल्याला मी काही न बोलता वाट दिली; तोच बिचारा घाबरला.

नवव्या दिवशी छेडत असताना बेडरूमच्या दाराआडून आवाज आला.

“खर्ज उतरलाय.”

खर्ज म्हणजे शेवटची जाड तार. मी घाईघाईने खुंटी पिरगाळली. आतून आवाज आला की चढला, खाली घ्या. मी खाली घेतला. फार खाली घेतलात. मी वर घेतला. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी दार उघडलं, श्यामला बाहेर आली, मला न विचारता खाली बसली आणि घोडीजवळचा, सूर बारीक जुळवायचा मणी बोटाने तसूभर सरकवला. सगळा तंबोरा एकदम स्वच्छ बोलायला लागला. ती उठून लांबच्या खुर्चीत जाऊन बसली. आत मात्र गेली नाही.

मी तिला त्या पाचव्या आवाजाबद्दल सांगितलं. वरच्या मजल्यावर जाऊन आलो तेही सांगितलं. ती दोन वर्षांत पहिल्यांदा हसली, आवाज न करता, खांद्यांनी. म्हणाली की तो गंधार, तारा जुळल्या की आपोआप येतो, कोणी लावत नाही, आणि अडतीस वर्षं तो तुमच्या डोक्यावर वाजत होता. मग मी छेडणं थांबवलं, कारण हे थांबवून बोलायला हवं होतं.

“श्यामला, जीव वाचला ना, असं मी तुला म्हणालो होतो,” मी म्हणालो. “मी चुकलो. तुझं काय गेलंय ते मला कळलंच नव्हतं. आता थोडंसं कळतंय.”

तिने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही ते विसरूनसुद्धा गेलात.” तिचे डोळे भरून आले आणि ती रडली, माझ्यासमोर, पदर न लावता. मी उठून तिच्याजवळ गेलो नाही. जावं का ते कळेना. मी आपला परत तारा छेडायला लागलो आणि ती रडत राहिली.

रडून झाल्यावर तिने विचारलं की हा लावलाय कोणत्या पट्टीत. कोथिंबिरीच्या निरोपाची सगळी हकीकत मला सांगावी लागली. ती चिडली. माझं बोलणं बोळात वाजवून दाखवलंत, म्हणाली. पांढरी तीनला कोण बाई गाते, लोक हसतील, म्हणाली. पण ती चिडली होती. दोन वर्षांनी कोणावर तरी धड चिडली होती, आणि त्या रात्री तिने दुसरी पोळी मागून घेतली. वर म्हणाली, आमटीत मीठ नाही.

पुढचे दिवस ती अकराला येऊन खुर्चीत बसायची. गायली नाही. गुणगुणलीही नाही. मी एकदा सुचवायला गेलो तर म्हणाली, ऐकतेय ना, तेवढं पुरे. पण दुपारचं झोपणं तिसऱ्या प्रहरावर आलं होतं, आणि एक दिवस ती खाली जाऊन स्वतः भाजी घेऊन आली.

पंधरावा दिवस रविवार होता. कल्याणी तंबोरा न्यायला येणार होती. श्यामलाने तिला दिलेला शब्द परत घेतला नव्हता, आणि मी विचारायला धजलो नव्हतो. तारा आता बसल्या होत्या, दोन दिवस उतरल्याच नव्हत्या. मी आदल्या दिवशी मनात खोटं बोलायची तयारीसुद्धा केली होती. खुंटी अजून सरकतेय म्हणून सांगावं, अजून आठवडाभर ठेवून घ्यावा. मला तो द्यायचा नव्हता. तो गेला की दार परत लागेल, या भीतीने मला सकाळचा चहा गेला नाही.

कल्याणी नवी निळी गवसणी शिवून घेऊन आली होती. श्यामलाच्या पाया पडली आणि बाई, आर यू शुअर, असं तीनदा विचारलं. श्यामला म्हणाली, शब्द दिलाय, घेऊन जा, पण आधी वाजवून बघ. कल्याणी सतरंजीवर बसली. तंबोरा मांडीवर घेऊन तिने तारा छेडल्या आणि सा लावायला गेली. तिला तो लागेना. गळा खाली खाली जात घशातच अडकला. तिने परत बघितलं, परत अडकला. ती गोंधळून हसली.

“बाई, हा खूपच खाली लागलाय. म्हणजे, हा माझ्या पट्टीत नाहीये. मी तारा बदलून घेईन, नो प्रॉब्लेम.”

तिने गवसणी उचलली. श्यामला खुर्चीतून उठली आणि तिने तंबोऱ्याच्या मानेवर हात ठेवला.

“नको बदलूस,” ती म्हणाली. “माझ्या पट्टीत आहे.”

ती कल्याणीसमोर खाली बसली. तिने तिला परत छेडायची खूण केली, डोळे मिटले आणि सा लावला. जाड होता, खरखरीत होता, आणि थोडा कापत होता. मधेच एकदा फाटला. तिने श्वास घेतला आणि परत त्याच जागी ठेवला. या वेळी तो राहिला. तारांमध्ये जाऊन बसला आणि तिथेच राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कल्याणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने बोटं थांबवली नाहीत.

तंबोरा गेला नाही. श्यामलाने कल्याणीला सांगितलं की तिने स्वतःचा घ्यावा, नूरबानूंकडे काळी चारचे चांगले तयार असतात. कल्याणीने निळी गवसणी आमच्याकडेच ठेवली आणि दारात चपला घालता घालता विचारलं, बाई, पुढच्या रविवारी येऊ का. श्यामला म्हणाली, सकाळी आठला ये, आणि उशिरा आलीस तर घेणार नाही.